रुमालाखालचा नकार

करांडे मास्तरांचा खिलार खोंड त्या रविवारी मातीमोल भावात गेला. शालन मेटकरीनं विकला, असं सांगोल्याच्या बाजारात अजूनही म्हणतात. खोटं आहे ते. माझ्या तोंडानं विकला, आणि मी शेजारी उभी राहून ऐकत होते.

मी हेडी आहे, म्हणजे जनावरांच्या सौद्यातली दलाल. बाई आणि हेडी, हे ऐकून सुरुवातीला लोक तोंड लपवून हसायचे. मग मी बोलायला लागायचे आणि हसणं थांबायचं. माझी जीभ तिखट आहे आणि त्याची मला अजिबात लाज नाही. तिच्यावरच मी नवऱ्यामागं घर सांभाळलं, मुलाला शिकवलं, त्याला पशुखाद्याचं दुकान घालून दिलं. हेड्याचं सगळं काम एका शब्दावर चालतं. गिऱ्हाईक भाव सांगतं आणि आपण 'न्हाई' म्हणतो. तो शब्द केव्हा म्हणायचा, कितीदा म्हणायचा, कधी पाठ फिरवून चालता चालता म्हणायचा, यातच सगळी विद्या आहे.

त्या दिवशीचं गिऱ्हाईक पुण्याकडचं होतं, शर्यतीसाठी खोंड शोधत आलेलं. डोळ्यांवर तो नवीन निघालेला चष्मा होता. जनावराकडे नुसतं बघितलं की ठोके, ताप, वय सगळं काचेवर उमटतं म्हणे. त्यानं भाव सांगितला. तसला भाव ऐकून मी एरवी काय बोलले असते ते इथं छापता यायचं नाही. मी तोंड उघडलं.

"चालेल की," माझं तोंड म्हणालं. "तुमच्या मनासारखं होऊ द्या."

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना वाटलं, ही शालनची एखादी खेळी असणार. मी घाईघाईनं पुन्हा बोलायला गेले. मनात होतं, थांबा, चेष्टा केली. बाहेर आलं, "न्या की, चांगल्या घरी चाललंय."

गिऱ्हाइकानं फोनवर अंगठा टेकवला आणि सौदा झाला. मास्तरांनी खोंडाच्या पाठीवरून हात फिरवला, स्वतःच दावं सोडलं आणि त्या माणसाच्या हातात दिलं.

"शालनबाई, तुमच्यावर सोडलं हुतं समदं," एवढंच ते म्हणाले.

मला त्यांचे पाय धरायचे होते. काहीतरी भलतंच झालंय मास्तर, हे मी नाही बोलले, असं सांगायचं होतं. "बरं झालं न्हवं मास्तर?" माझं तोंड म्हणालं, आणि तेही गोड हसून. ते गेले. आयुष्यात मला कुणी शिवी दिली तर मी दोन परत दिल्यात, पण त्या दिवशी मास्तर एकही शिवी न देता गेले ते मला सहन झालं नाही.

आता हे तोंड माझं असून माझं कसं नव्हतं, ते सांगते. मला समजलं तसं सांगते, कारण हे समजून घ्यायला मी पुण्याच्या लोकांचं बरंच डोकं खाल्लंय.

त्या रविवारच्या वर्षभर आधी मला मेंदूचा झटका आला. डाव्या बाजूचा बोलण्याचा भाग रक्ताविना मेला आणि उजवा हात लुळा पडला. दुसऱ्याचं बोललेलं सगळं कळायचं, पण स्वतः बोलायला गेलं की 'ता ता ता' एवढंच यायचं. लिहायला गेलं तरी तेच. मग ऋतुराजनं, म्हणजे माझ्या मुलानं, मला पुण्याला नेलं. तिथल्या स्वरसेतू कंपनीनं कानामागं एक चकती बसवली आणि तिच्यातून केसांहून बारीक तारा मेंदूत सोडल्या.

ती चकती म्हणजे एक छोटा संगणक. गंमत अशी की माझं बोलणं त्या संगणकात होत नाही. त्या संगणकाच्या आत, नुसत्या हिशेबानं उभा केलेला, दुसरा एक संगणक आहे. त्याला ना तार ना पत्रा. बाहेरचा संगणक स्वतःच्या पोटात त्याचं सोंग वठवतो, आणि आतल्याला मात्र वाटतं की आपण खरेच आहोत. माझा मेलेला भाग त्या आतल्या संगणकात नव्यानं घडवलाय. बाजार समितीच्या भोंग्यावर रेकॉर्ड झालेली माझी जुनी भांडणं, ऋतुराजच्या फोनमधलं माझं बोलणं, हे सगळं ऐकवून ऐकवून त्याला माझ्यासारखं बोलायला शिकवलं. असं एकात एक का? तर आतलं काही बिघडलं, वेड्यासारखं करायला लागलं, तरी ते आपल्या कुंपणातच राहावं, तारांमधून खऱ्या मेंदूत उतरू नये. बाहेरच्याला ते लोक यजमान म्हणतात आणि आतल्याला पाहुणा. डोकं माझं, पैसे माझे, आणि त्यात पाहुणी मीच.

यजमानाचा दरवाजा पुण्यात उघडतो. तिथं एका काळ्या पडद्यावर कंपनीचं माणूस एक ओळ टाकतं. त्या ओळीत चार गोष्टी असतात. कुठला पाहुणा, त्यातलं कुणाचं नाव, त्या नावाचा पासवर्ड, आणि आत कुठला प्रोग्राम सुरू करायचा. बटण दाबलं की पुण्यात दाबलेल्या बटणानं सांगोल्यातल्या डोक्यात प्रोग्राम चालू. आत खिडकी उघडत नाही, घंटा वाजत नाही. ज्याच्या डोक्यात चालू झाला त्याला पत्ता लागत नाही. आणि ऐकणाऱ्याला वाटतं, तो स्वतःच असं बोलतोय.

हे सगळं त्या रविवारी मला माहीत नव्हतं. मला वाटलं, दुसरा झटका आला.

घरी आले तर ऋतुराज स्वयंपाकघरात होता. "आई, चहा ठेवू?" त्यानं विचारलं. मला नको होता. "ठेव की," तोंड म्हणालं. मी चहा प्याले. "आजून घोटभर?" "घाल की बाळा." तोही प्याले. गप्प बसून बघितलं, तर त्यानं माझं गप्प बसणं म्हणजे होकार धरला आणि तिसरा कप समोर आणून ठेवला. बाजारातही तसंच होतं, गप्प बसलं की सौदा पटला.

"आज किती छान बोलतीस गं तू," तो म्हणाला, आणि हे म्हणताना त्यानं माझ्याकडे बघितलं नाही.

पोटचं पोर आहे. त्याच्या न बघण्याचा अर्थ मला कळतो. मी डाव्या हातानं कप उचलला आणि भिंतीवर आपटला. हात अजून माझा होता.

"छान कप हुता," तोंड म्हणालं.

ऋतुराज खाली बसून रडायलाच लागला. मग सगळं बाहेर आलं. पुण्याच्या डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं, तुमच्या आईचा रागीट स्वभाव, वाढलेला रक्तदाब, दुसरा झटका आला तर त्या वाचणार नाहीत. आमच्याकडे 'सौम्य' नावाचा प्रोग्राम आहे. कुणाला नकार द्यायची, तोडून बोलायची वेळ आली की तो मध्ये पडतो आणि शब्द बदलतो. भांडण होत नाही, रक्तदाब चढत नाही. फक्त आईच्या नावाचा पासवर्ड लागेल. तो पासवर्ड चकती बसवली त्या दिवशी ऋतुराजनंच घातला होता, स्वतःचं नाव आणि जन्मसाल. घराघरात हेच चालतं. आईबापाचं बँकेचं, गॅसचं, दवाखान्याचं सगळं पोराच्या फोनमध्ये, आणि आम्ही म्हणतो, त्याला म्हाईत हाय. आदल्या दिवशी त्यानं तो फोनवर सांगून टाकला.

"एका वळीचं काम हाय म्हणाले," तो हुंदके देत म्हणाला. "मला तू जित्ती पायजेस गं आई."

त्याचं खरं होतं. त्या क्षणी मला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं आणि त्याच क्षणी त्याच्या दोन मुस्काटात ठेवून द्याव्यात असंही वाटलं. दोन्ही तितकंच खरं. मला म्हणायचं होतं, आत्ताच्या आत्ता बंद कर.

"लई काळजी करतोस माझी," तोंड म्हणालं.

मी त्याचा हात धरून त्याला फोनकडे ओढलं. कंपनीची डॉक्टर, डॉ. कर्णिक, पडद्यावर आली. "काय शालनताई, काही त्रास?"

"त्रास कसला? फार झ्याक चाललंय."

मी जोरजोरात आडवी मान हलवली. डॉक्टर समजुतीनं हसली. "मान हलवतायत का? त्यावर जाऊ नका. मेंदूच्या या आजारात पेशंटचं हो आणि नाही उलटसुलट होतं. मान नाही म्हणते, मनात हो असतं. आम्ही पेशंटचं बोलणं प्रमाण धरतो." मी ऋतुराजच्या वहीचं पान फाडलं आणि डाव्या हातानं मोठ्या अक्षरात 'बंद करा' लिहायला घेतलं. लिहून झाल्यावर वाचलं तर 'आभारी आहे' असं होतं. लिहिणंही त्याच पाहुण्याकडून येत होतं ना.

"तू सांग त्यांला," असं मी डोळ्यांनी ऋतुराजला म्हटलं. हे डोळ्यांचं त्याला बरोबर कळलं.

"रागावू नगंस आई. मी न्हाई सांगणार," तो म्हणाला. "तू शिव्या देऊन मेल्यापरास ग्वाड बोलून जगलेली परवडंल मला."

आता यातून सुटायचा एकच रस्ता उरला. नियमाप्रमाणे पेशंटनं स्वतः 'बंद करा' म्हणायला हवं. आणि पेशंटचं तोंड तर त्यांच्या ताब्यात. ज्याच्या गळ्यावर पाय दिलाय त्यानंच ओरडून तक्रार करायची, असला तो नियम. तळपायाची आग मस्तकाला गेली, आणि तोंडावर मात्र हसू.

पुढच्या रविवारी मी बाजारात गेले. ऋतुराज नको नको म्हणत होता, पण पाय माझे होते. सौदे कुणी देईना, मास्तरांचं सगळ्यांच्या कानावर गेलं होतं. मी लिंबाखाली बसले. तेवढ्यात इस्माईलभाई मुलाणी आला.

इस्माईलभाई म्हणजे माझा बाजारातला जुना वैरी. माझी निम्मी गिऱ्हाइकं त्यानं पळवली आणि त्याची निम्मी मी. हातात नेहमीसारखा मोठा लाल रुमाल. आमच्या बाजारात जुन्या हेड्यांचा खरा सौदा तोंडानं होत नाही, रुमालाखाली होतो. दोघं हातात हात घेतात, वरून रुमाल टाकतात आणि बोटं दाबून भाव सांगतात. एक बोट धरलं की एक, सगळी मूठ धरली की पाच, आणि ते शेकड्यात की हजारात ते दोघांना आधीच माहीत असतं. पटलं नाही की हात झटकायचा. वरून तोंडानं काय वाटेल ते बोलावं, चारचौघांना फसवायला खोटा भावही ओरडावा. तोंडाला तिथं खोटं बोलायची मुभा असते. रुमालाखालच्या हातानं खोटं बोललं तर मात्र त्या माणसाला बाजारात पुन्हा कुणी हात देत नाही. मी तरुण होते तेव्हा परपुरुषाच्या हातात हात देते म्हणून गावानं काय काय बोलून घेतलं. मी म्हटलं, बोला. सौदा मी माझाच करणार.

"ये शालन, ह्या वासराचं बोल," तो म्हणाला. वासरू नव्हतंच विकायचं, माझा उतरलेला चेहरा बघून त्यानं काढलेलं ते निमित्त. त्यानं हात पुढं केला आणि रुमाल टाकला. उजवा चालत नव्हता म्हणून मी डावा दिला. त्यानं बोटं दाबली. भाव चेष्टेचा होता.

"चालेल की," तोंड म्हणालं. आणि माझ्या हातानं त्याचा हात असा झटकला की रुमाल खाली पडला.

त्यानं रुमाल उचलला, झाडला, पुन्हा टाकला. दुसरा भाव दाबला. तोंड म्हणालं, "तुमच्या मनासारखं." हात झटकला. तिसऱ्यांदा त्यानं डोळे बारीक केले.

"शालन," तो हळू आवाजात म्हणाला, "तोंड येक बोलतंय नि हात येक. हितं हाताचं खरं धरत्यात. तुज्या तोंडात दुसरंच कोन बसलंय का गं?"

मी त्याची मूठ इतक्या जोरात आवळली की तो ओरडला. आणि मग मी रडले. बाजारात, सगळ्यांसमोर. आयुष्यात कधी रडले नव्हते तिथं.

त्याच आठवड्यात कंपनीचं तपासणी शिबिर सांगोल्यात होतं. डॉ. कर्णिक स्वतः आल्या होत्या, आणि त्यांच्याबरोबर गार्गी नेवरेकर नावाची एक मुलगी. पुण्यातल्या त्या काळ्या पडद्यावर ओळी टाकण्याचं काम तिचं. ऋतुराज मला घेऊन गेला. आम्ही पोचलो तर इस्माईलभाई आधीच दारात खुर्ची टाकून बसलेला.

"हे कोण?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी दुभाषी," इस्माईलभाई म्हणाला.

डॉक्टर हसल्या. त्यानं रुमालाची सगळी रीत समजावून सांगितल्यावरही हसल्याच. "अहो काका, झटक्यानंतर पेशंटचे हात कसेही हलतात."

"मग तपासा की," इस्माईलभाई म्हणाला. "जनावरसुद्दिक दात बगून घेत्यात. माणूस तर माणूस हाय."

गार्गी मध्ये पडली. "मॅडम, तपासायला हरकत काय आहे? मोजणी आणि हाताची सवय मेंदूत वेगळ्या ठिकाणी असते. ती भाषा आपण पाहुण्यात कधी घातलीच नाही, म्हणजे 'सौम्य' तिच्यापर्यंत पोचूच शकत नाही. काकूंकडे खरंच दुसरा रस्ता उघडा असू शकतो."

तिनं तिच्या फोनवर एक आकडा काढून फक्त मला दाखवला. मी रुमालाखाली दाबला. इस्माईलभाईनं तोंडानं सांगितला. बरोबर. तिनं दुसरा दाखवला, मग तिसरा, मग चांगला मोठा. सगळे बरोबर. डॉक्टरांचं हसणं थांबलं. त्यांनी स्वतःच्या हातानं एक आकडा कागदावर लिहिला आणि इस्माईलभाईकडे पाठ करून मला दाखवला. तोही बरोबर आला.

"ठीक," त्या म्हणाल्या. "शालनताई, आता प्रश्न विचारते. तुमचं नाव रखमा आहे का?"

"तुमी म्हणताय तर आसंल," माझं तोंड गोड आवाजात म्हणालं. हात झटकला.

बाहेरचं कुणीतरी फिस्सकन हसलं. डॉक्टर हसल्या नाहीत.

"तुम्ही सांगोल्याच्या आहात का?"

"व्हय." हात स्थिर, इस्माईलभाईची मूठ घट्ट धरलेली.

"तुम्ही डॉक्टर आहात का?"

"प्रयत्न करीन की," तोंड म्हणालं. हात झटकला.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. मग मऊ आवाजात, खरोखरच्या मऊ आवाजात, विचारलं, "सौम्य चालू ठेवायचा का?"

"ठेवा की, लई ग्वाड हाय." आणि माझा हात असा सुटला की इस्माईलभाई खुर्चीतून पडता पडता वाचला.

"तोडला!" तो ओरडला. "सौदा तोडला तिनं!"

"थांबा जरा," ऋतुराज उठला. "डॉक्टर, तिचा राग... तिला काय झालं म्हंजे?"

डॉक्टर त्याच्याकडे वळल्या. "ते होऊ शकतं," त्या म्हणाल्या. "पण त्यांचं काय होऊ द्यायचं हे आता मी तुम्हाला विचारू शकत नाही."

गार्गीनं लॅपटॉप उघडला आणि मी बघावं म्हणून माझ्याकडे वळवला. काळा पडदा, पांढरी अक्षरं. तिनं बोट ठेवून दाखवलं. "हा तुमचा पाहुणा. आणि काकू, हे बघा, हा प्रोग्राम कुणाच्या नावानं चाललाय." तिथं माझं नाव होतं. शालन मेटकरी. कंपनीचं नव्हतं, डॉक्टरांचं नव्हतं. प्रत्येक 'चालेल' माझ्या नावावर जमा झालं होतं. माझ्या घरात शिरून, माझंच लुगडं नेसून, उंबऱ्यात उभं राहून माझ्या नावानं बोलणारी बाई. मला तिची शिसारी आली.

"ही ओळ मीच टाकली होती," गार्गी खाली मान घालून म्हणाली. "मला वाटलं होतं, पासवर्ड बरोबर आहे म्हणजे तुमची परवानगी आहे."

तिनं दुसरी ओळ टाकली आणि बटण दाबलं. मला काहीही जाणवलं नाही. सुरू होताना नव्हतं जाणवलं, थांबतानाही नाही.

"कसं वाटतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"न्हाई," मी म्हणाले.

"काय नाही?"

"कायबी न्हाई. नुसतं म्हणून बगतीया. न्हाई. न्हाई वो डॉक्टर. न्हाई!" आणि मग मी इस्माईलभाईला गेल्या सगळ्या वर्षांच्या शिव्या एका दमात घातल्या. तो मुकाट्यानं ऐकून घेत होता, डोळे पुसत.

"आता हिला तो पासवर्ड बदलून द्या," मी गार्गीला म्हणाले. "हिला म्हंजे मला."

ती लॅपटॉपवरून हात काढून माझ्याकडे वळली. मग तिनं मला खरं काय ते सांगितलं, आणि त्याबद्दल मी तिला मानते. पासवर्ड बदलला की पुण्याहून आत कुठलाच प्रोग्राम सुरू करता येणार नाही, वाईट नाही तसा चांगलाही नाही. उद्या आतलं बोलणं अडकलं तर आज ते लोक एका ओळीत सुरू करून देतात, तेही बंद. मग उरतं एकच. चकती काढून सगळं विझवायचं, पुन्हा लावायची आणि वाट बघायची. आतला पाहुणा जिथं शेवटचा जतन झाला तिथून उठेल. त्यानंतर शिकलेलं सगळं पुसलं जाईल. आणि एखाद्या वेळी उठणारही नाही.

"आई, न्हाई उठला तर?" ऋतुराज म्हणाला. "पुन्ना ता ता करत बसशील आयुष्यभर. बदल, मी न्हाई म्हणत न्हाई. पण मला सांगून ठेव. कुनाला न्हाई द्यायचा मी. शपथ."

"न्हाई."

"आगं मी तुजा मुलगा हाय!"

"म्हणूनच न्हाई," मी म्हणाले. "तू मला वाचवायला कायबी करशील. मेले तरी चालंल रं मला, माज्या तोंडानं मरू दे. गप पडले तर माजी मी गप पडंन."

नवा पासवर्ड कुणासमोर बोलायचा नसतो, मनात तीनदा म्हणायचा असतो. मी म्हटला. दरवाजा बंद झाला. ऋतुराज उठून बाहेर गेला, आणि आम्ही एकाच घरात बरेच दिवस न बोलता काढले. माझं बोलणं परत आलं आणि त्याचं गेलं. मला त्याचा राग होता आणि त्याची काळजीही होती, आणि त्याला माझी. करांडे मास्तरांकडे जाऊन मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण पुढचा खोंड त्यांनी दुसऱ्या हेड्याकडे दिला. ते मला लागलं, पण त्यांचंही चुकलं नाही.

उन्हाळ्यात एका दुपारी ते झालं. मी अंगणात गड्याला कडब्यावरून दमात घेत होते आणि मधेच शब्द संपले. तोंड उघडं, आणि 'ता ता'. त्या बंद पडण्यात माझं बरंच गेलं, ते आजही परत आलेलं नाही. गल्लीतल्या निम्म्या लोकांची नावं मला आठवत नाहीत, भाज्यांची गेली, एका सणाचं गेलं. हे सांगतानाही मी मधेमधे थांबतेय. त्याचं दुःख आहे. नाही असं मी म्हणणार नाही.

गड्यानं ऋतुराजला बोलावलं. तो दुकान तसंच टाकून धावत आला, माझ्यासमोर उकिडवा बसला आणि कंपनीला फोन लावला. पलीकडे गार्गी नव्हती, कुणी दुसराच माणूस होता.

"साधी गोष्ट आहे साहेब," तो म्हणाला. "पाहुणा अडकलाय, मला इथून दिसतोय. पासवर्ड सांगा, एक ओळ टाकतो, आई लगेच बोलायला लागतील."

"मला म्हाईत न्हाई. तिलाच म्हाईत हाय."

"हरकत नाही. एकेक अंक म्हणत जा, बरोबर आला की त्या मान हलवतील. अनेक घरांत असंच करतात."

ऋतुराजनं माझे दोन्ही हात हातात घेतले. "आई," तो म्हणाला, "सांगतीस का?"

त्याचा चेहरा बघून एकदा वाटलं, सांगावं. पोराला एवढं कशाला छळायचं. 'ता ता' करत राहिलेले ते महिने मला आठवत होते आणि मी घाबरले होते. खूप घाबरले होते. मी मान हलवली. आडवी.

"काय म्हणतायत?" फोनमधला माणूस म्हणाला. "नाही म्हणतायत का? त्याकडे लक्ष देऊ नका साहेब. अशा पेशंटचं हो-नाही उलटसुलट होतं. तुम्ही अंक विचारायला सुरुवात करा."

ऋतुराज माझ्याकडे बघत होता. या वेळी त्यानं नजर चुकवली नाही.

"माज्या आईचं हुत न्हाई," तो म्हणाला.

त्यानं फोन बंद केला, माझे केस बाजूला सारले, आणि माझ्या कानामागची चकती स्वतःच्या हातानं काढली.